गॅनेट टिकल येथील समोरच्या दाराखालच्या तेलटाकीबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
घरगुती तेलभट्टी व तेलटाकी कक्ष,
विभागीय कार्यालय, न्यूफाउंडलंड.

अर्जदार : एनॉस पार्डी, वय ७१. पूर्वीचा धंदा मासेमारी, हल्लीचा धंदा अर्ज करणे. राहणार गॅनेट टिकल (राहण्याबाबत शेवटचा परिच्छेद पाहावा).

विषय : नव्या तेलभट्टीच्या टाकीला हिरवं लेबल मिळण्याबाबत, आणि ते मिळत नसल्यास निदान एक जुनी तक्रार मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपला अहवाल, दि. १८ सप्टेंबर. २) अर्जदाराची त्यावरची तक्रार, दि. २० सप्टेंबर. ३) आपलं पत्र, दि. २ डिसेंबर.

महोदय,

१. अर्जदाराच्या घरातली तेलभट्टी चौतीस वर्षांची झाली होती. विमावाल्यांनी कळवलं, नवी बसवा नाहीतर विमा विसरा. अर्जदाराने ऑगस्टमध्ये परवानाधारक कारागीर श्री. सिरिल हाइन्स यांच्याकडून सगळं नियमाने करून घेतलं. तळघरात नवी भट्टी, धुराड्याला आतून नवा पत्रा, विषारी वायूची सूचना देणारी घंटा, आगीत तेल आपोआप बंद करणारा कॉक, आणि बाहेर सिमेंटच्या लादीवर नवी टाकी. जुनी भट्टी त्याच दिवशी भंगारात गेली. राहिलं फक्त आपलं हिरवं लेबल. टाकीवर ते नसलं तर तेलाची गाडी थांबत नाही, ड्रायव्हर नुसता हात हलवून पुढे जातो.

२. टाकी समोरच्या दाराखाली ठेवली, कारण तिथे ईशान्येचा वारा लागत नाही. सदर दार जमिनीपासून सात फूट उंच असून त्याला पायऱ्या नाहीत. घर बांधलं तेव्हापासून नाहीत. गावात कोणाच्याच समोरच्या दाराला नाहीत, कारण ते दार कोणी वापरत नाही. गॅनेट टिकलमध्ये मागचं दार ढकलायचं, बूट काढायचे आणि चहाला बसायचं. दार वाजवायची पद्धत नाही. समोरच्या दारातून आजवर फक्त अर्जदाराचे वडील गेले, तेही पेटीतून, खाली सहा जण हात वर करून उभे होते म्हणून.

३. दि. १८ सप्टेंबरला आपले निरीक्षक श्री. टकर आले. त्या वेळी स्वयंपाकघरात अर्जदार, त्यांची पत्नी ड्रुसिला, शेजारचे लिअँडर काका आणि इतर चार माणसं खारा मासा आणि बटाटे खात होती. ड्रुसिला खिडकीतून बघून म्हणाली, "अरे एनॉस, कोण रे हा, आपल्या समोरच्या दारावर खडे मारतोय?" लिअँडर काका म्हणाले, "मारू दे की. दमला म्हणजे येईल मागून. माणसात वाढलेला असेल तर येईलच." साहेब आले नाहीत. अहवाल आला : "प्रवेशद्वारास पायऱ्या नाहीत. घर निर्जन. प्रकरण बंद." सात माणसं जेवत असलेलं घर निर्जन कसं, अशी तक्रार अर्जदाराने दोनच दिवसांत केली.

४. त्यावर आपल्या कार्यालयातल्या बाईंनी फोनवर सांगितलं, "काका, वाद कशाला घालता? पायऱ्या बांधा, फाइल उघडते." अर्जदाराने टाकीला वळसा घालून अकरा पायऱ्या बांधल्या. दि. ९ ऑक्टोबरला श्री. टकर पुन्हा आले, अकराही पायऱ्या चढले, उतरले आणि म्हणाले, "पायऱ्या झकास झाल्यात हो काका. पण आता हे दार झालं ना! बाहेर पडायच्या वाटेत टाकी चालत नाही."

"मग आधी ते काय होतं?"

"आधी नुसती भिंत धरली होती."

"पायऱ्या काढल्या तर?"

"टाकी कायदेशीर. पण मग घर निर्जन."

साहेबांच्या बोलण्याचा सूर वाईट नव्हता, हे नमूद करणं अर्जदार आपलं कर्तव्य समजतो. ड्रुसिलाने त्यांना जॅमचा बन दिला. जाताना ते मागच्या दारानेच गेले.

५. टाकी दुसरीकडे हलवावी म्हटलं, तर मागे स्वयंपाकघराचं दार, उजवीकडे विहीर, डावीकडे खिडकी, आणि तिन्हींच्या जवळ टाकीला मनाई. घराला पाचवी बाजू नाही. सबब अर्जदाराने समोरचं दार फळ्या ठोकून कायमचं बंद केलं. बाईंनी फोनवर विचारलं, "म्हणजे घराला आता एकच दार? अहो, भट्टी असलेल्या घराला दोन दारं लागतात!" फळ्या काढल्या.

६. शेवटी लिअँडर काकांनी तोडगा काढला. अर्जदार आणि काका, दोघांनी चाळीस वर्षं बोटीवर दोर ओढले आहेत. त्यांनी पायऱ्या उंबरठ्याला बिजागरीवर टांगल्या आणि दोर कप्पीवरून घरात घेतला. माणूस आला की पायऱ्या टाकीच्या वर अधांतरी धरायच्या, गेला की वर ओढायच्या. म्हणजे हवं तेव्हा दार, हवं तेव्हा भिंत. ड्रुसिला म्हणाली, "तुम्हा दोघांना मिळून एक डोकं दिलंय देवानं, आणि तेही काल कुणीतरी उसनं नेलंय."

७. दि. १२ नोव्हेंबरला श्री. टकर पायऱ्या चढून वर पोचले आणि त्यांनी दार वाजवलं. आत दोर धरून उभ्या असलेल्या लिअँडर काकांनी ७९ वर्षांच्या आयुष्यात वाजलेलं दार ऐकलं नव्हतं. "बाप रे, कोण मेलं?" असं म्हणून त्यांनी दोन्ही हात छातीवर नेले. दोर सुटला. पायऱ्या टाकीवर पडल्या. साहेब दाराच्या मुठीला लोंबकळत राहिले व "काका, आत तरी घ्या!" असं ओरडले. त्यांना बखोटीला धरून आत घेण्यात आलं. त्या दारातून जिवंत आत आलेले ते पहिलेच गृहस्थ. टाकीला पोचा पडला. तेल सांडलं नाही, कारण टाकी रिकामी होती. ती रिकामी का होती, ते आपणांस ठाऊक आहे.

८. साहेबांनी चहा घेतला आणि लिहिलं : "घरात भरपूर वस्ती आढळली. टाकी बाद." सिरिल हाइन्स म्हणतात, नवी टाकी मुख्य भूमीवरून येईल, बर्फ वितळल्यावर. अर्जदाराने घरात लाकडाची चूल पेटवायची परवानगी विचारली. तिचं धुराडं नव्या भट्टीला दिलेलं असल्याने नकार मिळाला. नोव्हेंबरअखेर विहिरीकडून येणारा नळ गोठून फुटला आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवर बर्फ धरलं. पत्नीला दम्याचा त्रास आहे. ती तीन दिवस कोट घालून झोपली. चौथ्या दिवशी तिने चहाची किटली उचलली आणि म्हणाली, "मी मेल्विनाकडे चालले. घर तापलं की निरोप पाठव. आणि एनॉस, खोटा निरोप पाठवू नकोस." मेल्विना ही तिची बहीण, खाडीपलीकडे असते.

९. त्यानंतर आपलं दि. २ डिसेंबरचं पत्र मिळालं. त्यात म्हटलं आहे की, सदर घरात वस्ती असल्याचं आता सिद्ध झालं असल्यामुळे आणि मंजूर भट्टीशिवाय अशा घरात राहण्यास मनाई असल्यामुळे, अर्जदाराने सात दिवसांत खुलासा करावा. खुलासा असा : अर्जदार त्या सातांपैकी पाचव्या दिवशी लिअँडर काकांच्या होडीतून खाडीपलीकडे गेला. अर्जदार उतरताना काका म्हणाले, "मी दर रविवारी जाऊन बसेन तिथं थोडा वेळ. कुणीतरी बसायला पाहिजे." त्यांनी बसू नये. त्यांच्यामुळे घरात पुन्हा वस्ती आढळेल.

तरी विनंती की, अर्जदाराची दि. २० सप्टेंबरची तक्रार रद्द समजावी. श्री. टकर यांचा पहिला अहवाल बरोबर होता. त्यांनी तो तीन महिने आधी लिहिला, एवढंच.

आपला, दार न वाजवता आत येणाऱ्यांपैकी एक,
एनॉस पार्डी
मुक्काम मेल्विना यांचं घर, खाडीपलीकडे
दि. ९ डिसेंबर

सोबत :
१) पायऱ्यांचे फोटो, तीन (बांधताना, टांगताना, पडल्यावर).
२) टाकीच्या पोच्याचा फोटो, एक.
३) घराची चावी : जोडलेली नाही. कुलूप कधी नव्हतंच. पुढच्या तपासणीला कोणी आलं तर मागचं दार ढकलावं.