दुसरी खेप

मु. पो. पावस, ता. जि. रत्नागिरी
मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी १९८६

ती. गुणवंतीताईंस,
मैनेचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळी खुशाल आहेत. तुमचं पत्र शनिवारी मिळालं. आईने ते माझ्या हातात देण्याआधी चांगलं उलटसुलट करून बघितलं. तिला वाचता येत नाही, पण मुंबईहून आलेलं पाकीट ती अशी सहजी सोडत नाही. बाबांची होडी ठीक आहे, बांगडा बरा मिळतो आहे. तुमचे भाऊ परवा रविवारी लोट्याहून येऊन गेले. त्यांच्या अंगाला कंपनीतल्या रसायनांचा वास येतो आणि मला हल्ली तो सोसत नाही, म्हणून बिचारे पडवीत बसून जेवले. निघताना म्हणाले, "ताईला लिही, ती सांगेल तसं कर." त्यांचं सगळं तुमच्यावर सोडलेलं असतं, ते तुम्हाला मी काय सांगायचं.

तुमच्या इस्पितळात शिकवतात ती श्वासाची पद्धत मी रोज करते. कळ सुरू झाली की नजर एका जागी लावायची, नाकाने लांब श्वास घ्यायचा, तोंडाने हळू सोडायचा आणि कळ वाढली की वरच्यावर लहान लहान श्वास घ्यायचे. नजर मी कॅलेंडरातल्या गणपतीवर लावते. अडचण एवढीच, की कळ नसताना कळेचा सराव करायचा कसा. तुम्ही लिहिलंत की कुणाला तरी मांडीला चिमटा काढायला सांगावं. आईला सांगितलं. तिला तेवढं निमित्तच हवं होतं. मांडी काळीनिळी झाली आणि वर मला म्हणते, "दमलेल्या कुत्र्यासारखी काय करतेस गो? बाळंत व्हायचंय की धावायचंय?"

आमची गोदामावशी तुम्हाला ठाऊक नाही. वाडीतली सुईण. मी तिच्याच हातावर जन्मले. तिची पद्धत निराळी. रोज सकाळी उकिडवं बसून खळं झाडायचं, कंबरेला खोबरेल चोळायचं, आणि वेळ आली की वाशाला दोर बांधून, गुडघ्याखाली गोणी घेऊन त्या दोराला धरून राहायचं. त्या दिवशी घरातल्या सगळ्या गाठी सोडायच्या, डब्यांची झाकणं काढायची, कुलपं उघडायची. बाबा म्हणाले, "आणि माझी जाळी? त्यांच्या गाठी कोण सोडणार?" ती म्हणाली, "जाळी ऱ्हावदे. पेटीचं कुलूप काढ, आत काय दडवलंयस ते तरी दिसंल."

श्वासाचं तिला विचारलं तर ती हसलीच. म्हणाली, "होडी वर ओढताना गडी काय करतात? लाट येण्याआधी कुणी जोर लावतो काय? लाट उचलते तेव्हा ओढायचं. मधल्या वेळात उगी उभं ऱ्हायचं. आणि ओरडायचं ते पोटातून." तुम्ही लिहिता, आवाज करू नये, आवाजात जोर फुकट जातो. ती म्हणते, आवाज केला नाही तर जोर येणार कुठून. आता मी कुणाचं ऐकू?

तिसऱ्या रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्याकडे गेल्या महिन्यात आईबरोबर गेले होते. त्या बोलायला चांगल्या आहेत. रोज चाला म्हणतात, मांडी घालून बसा, रक्ताच्या गोळ्या चुकवू नका. मला वाटलं, यांचं सगळ्यात सोपं. मग त्या म्हणाल्या, "भिऊ नका, फारच झालं तर इंजेक्शन देऊ, झोप लागेल." मी नको म्हटलं. इतक्या मोठ्याने म्हटलं, की शेजारी बसलेली आई दचकली. घरी येईपर्यंत ती मला बोल लावत होती, डॉक्टरांशी असं बोलतात काय म्हणून.

ताई, मला फार भीती वाटते. कळांची वाटते, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला त्या झोपेची वाटते. श्वास घेताना मध्येच डोळे मिटले गेले तरी मी घाबरून उघडते. दुपारी पडले तर आईला सांगते, मला हाक मारत राहा. या वेळी मला जागं राहायचं आहे. दुसरं काही मागत नाही.

म्हणून विचारते, तुम्ही रोज इतकी बाळंतपणं बघता. या तिन्हींतली कोणती पद्धत धरली तर इंजेक्शनाची वेळ येणार नाही, तेवढं कळवा. भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच ठेवा.

तुमची,
मैना

गुरुवार, दि. १३ फेब्रुवारी

ताई, वरचं पत्र टाकलं नाही. आई काल तिकीट लावून पेटीत टाकते म्हणाली होती, मी पाकीट उशाखाली दडवलं. त्यात जे लिहायला हवं होतं ते लिहिलंच नव्हतं. आता लिहिते. अक्षर बिघडलं तर समजून घ्या.

काल परत रत्नागिरीला गेलो. गोदामावशीही आली. तिला डॉक्टरीणबाईंचं बाळंतपणाचं टेबल बघायचं होतं. सगळं बघून, हात लावून ती खुर्चीत बसली. डॉक्टरीणबाईंनी माझा कागद समोर घेतला आणि म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे, त्यामुळे वेळ लागेल. कळा सुरू झाल्या म्हणून लगेच घाबरून पळत येऊ नका." गोदामावशीनेही मान हलवली. तीही मला पहिलटकरीणच समजत होती. आईने तिला तेच सांगितलं होतं, डॉक्टरीणबाईंनाही तेच, सगळ्या वाडीलाही तेच. सातव्या महिन्यात माझी ओटी भरली तीही पहिली म्हणूनच. आईचा तुमच्यावर राग आहे हे तुम्ही जाणता. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं आणि तुम्ही इस्पितळात आहात म्हणून मला मुंबईत ठेवून घेतलंत. जे तिच्या घरी झालं नाही ते तिच्या लेखी झालंच नाही. शिवाय पहिलं जगलं नाही हे कळलं तर बाया नजर टाकतील, ओटीला हात लावणार नाहीत, हीही भीती. मीही गप्प बसले होते.

काल बसवलं नाही. मी म्हटलं, "पहिली नाही. माझी ही दुसरी खेप आहे."

आई जमिनीकडे बघायला लागली. गोदामावशी तिला म्हणाली, "मी पोटाला हात लावते, मला पण नाय सांगितलंस?" आई म्हणाली, "मुंबईत झालं ते मुंबईत ऱ्हायलं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. मला विचारायला लागल्या. दिवस पुरे भरले होते का? मी हो म्हटलं. मूल अडलं होतं का? चिमटे लावले होते का? नाळ गळ्याभोवती होती का? बाळ रडलं होतं का? मी प्रत्येक वेळी एकच सांगत होते, मला माहीत नाही, मी झोपले होते. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तिथे तुमचं कोण होतं?" मी म्हटलं, माझी नणंद. तिथेच नर्स आहे. त्या म्हणाल्या, "मग तिला विचारा. ते कळल्याशिवाय घरी बाळंत व्हा असं मी म्हणणार नाही." गोदामावशी म्हणाली, "मी पण नाय म्हणणार."

म्हणजे श्वास, दोर, टेबल हे सगळं मागाहून. आधी तुमचं उत्तर.

मला आठवतं ते असं. तुमचा हात माझ्या कपाळावर होता. मी ओरडत होते आणि तुम्ही त्या मोठ्या डॉक्टरांना म्हणालात, "पोरीला सोसवत नाही, झोपवा हिला." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. जाग आली तेव्हा भिंतीवर दुपारचं ऊन होतं, पोट सपाट झालं होतं आणि छाती कपड्याने घट्ट बांधलेली होती. तुम्ही म्हणालात, देवाने नेलं. तुमचे भाऊ दाराशी उभे होते, त्यांचे केस ओले होते. ते पुरून, आंघोळ करून आले होते. मी विचारलं, मुलगा की मुलगी? तुम्ही म्हणालात, आता ते कशाला. त्यानंतर कुणी बोललं नाही, मीही नाही.

एकदा यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "फडक्यात गुंडाळलेलं दिलं. मी उघडून बघितलं नाही, माझा धीर झाला नाही." आणि उठून बाहेर गेले. म्हणजे ताई, माझं बाळ बघितलेलं घरातलं माणूस तुम्ही एकटी आहात.

आणखी एक आहे, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या झोपेत मी एक रडणं ऐकलं. एकदाच, लहानसं. त्या खोलीत दुसऱ्याही बाया होत्या, त्यांच्यापैकी कुणाचं असेल. पण माझं असेल तर ते जिवंत होतं आणि मी झोपले होते. आणि ते रडलंच नसेल, तर माझ्यातच काही खोट असेल आणि ती या वेळीही असेल. दोन्हींतलं काहीही ऐकायची मला भीती वाटते. तरी विचारते. ते रडलं होतं का?

तुम्ही वाईट हेतूने केलंत असं मी म्हणत नाही. माया होती म्हणून केलंत. पण मला राग आहे, तोही खरा आहे. गेल्या काही महिन्यांत तुम्ही मला किती पत्रं लिहिलीत. त्यांत श्वास आहे, नाचणीचं सत्त्व आहे, कुठल्या कुशीवर निजायचं तेही आहे. पहिल्या बाळाबद्दल एक ओळ नाही. आधी मला वाटायचं, तुम्ही विसरलात. आता वाटतं, तुम्हीही माझ्यासारख्याच घाबरलेल्या आहात आणि मला श्वास शिकवता शिकवता स्वतःच घेत आहात.

काल परत येताना एस्टीत, पावस जवळ आल्यावर गोदामावशी हळूच म्हणाली, "मनातल्या मनात त्याला हाक मारतेस ना? काय म्हणून मारतेस?" मुलगा की मुलगी हेच ठाऊक नाही, तर हाक कशी मारू?

आता माझं ठरलेलं ऐका. बाळंतपण रत्नागिरीलाच होईल. तुमचं उत्तर कसंही आलं तरी तिथेच. आईला ते पटलेलं नाही, पण कालपासून ती माझ्यापुढे फार बोलत नाही. गोदामावशी बरोबर येईल. डॉक्टरीणबाई तिला आत घेणार आहेत, दोर मात्र आणू नका म्हणाल्या, त्यांच्या छताला वासा नाही. कळा येतील तोवर मी तुमचा श्वास घेईन, तो संपला की गोदामावशी सांगते तशी ओरडेन. झोपेचं इंजेक्शन मागणार नाही आणि माझ्यासाठी दुसऱ्या कुणी मागायचं नाही. मी कितीही ओरडले, पाया पडले, तरी नाही.

आणि तुम्ही या. उत्तर पत्राने देऊ नका. रजा काढा आणि माझ्यासमोर बसून सांगा. आई तुम्हाला तोंड पाडून चहा देईल, तो प्या.

बाळासाठीच पोट उघडायची वेळ आली तर मी हट्ट करणार नाही. तेव्हा झोपवा. पण मग माझ्या वाटणीचं तुम्ही बघून ठेवायचं. रडलं का, केस किती आहेत, कुणासारखं आहे, बोटं कशी आहेत, सगळं. आणि ते कसंही असो, जिवंत असो नाहीतर नसो, फडक्यात गुंडाळायच्या आधी माझ्याजवळ आणून ठेवायचं. मला जाग येईपर्यंत कुणाच्याही हातात द्यायचं नाही, यांच्याही नाही. एवढं वचन घेऊन या.

वाट बघते आहे.

तुमची,
दोन लेकरांची आई,
मैना