जवायाचं आवतन

१४ जून, सकाळी ६.०५
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. मोठी कामं करणाऱ्या माणसाजवळ तारखा असाव्यात, एवढंच.

विमा ऑफिसातून व्हीआरएस घेऊन पंधरा दिवस झाले. अठ्ठावीस वर्षं बिनडोक लोकांचे फॉर्म तपासले. आता स्वतःचं काहीतरी. स्वतःचं म्हणजे तसं बायकोचं. पुष्पलताला तिच्या वडिलांकडून खापरखेड्याच्या अलीकडे, रोडला लागून दोन एकर मिळालंय. तिथं टिनाच्या शेडखाली तिनं वर्षभरापासून खानावळ मांडली आहे. हाताखाली गावातली रुखमाबाई. वावरात निघेल ती भाजी, ज्वारीची भाकर, सत्तर रुपयांत पोटभर. गिऱ्हाईक कोण, तर पॉवर स्टेशनचे शिफ्टवाले आणि ट्रक ड्रायव्हर. जेवण झालं की ताटातच हात धुतात. इकडे नागपुरात, प्रताप नगरात मॉर्निंग वॉकच्या ग्रुपला मी "मिसेस एका अॅग्रो प्रोजेक्टवर आहेत" असं सांगून ठेवलंय. किती दिवस झाकणार?

म्हणून आजपासून कारभार माझ्याकडे. पुष्पलताची एकच अट. पोळ्यापर्यंत तुम्ही चालवा. जमलं तर कायमचं तुमचं. नाही जमलं तर पुन्हा माझं, आणि मग एक शब्द बोलायचा नाही. मी हसून हो म्हणालो. दोन महिने मला खूप झाले.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. सातला साइटवर. कोणावर चिडायचं नाही, समोरच्याची तेवढीच लायकी असली तरी.

१५ जून, सकाळी ९.४०
कूलरनं रात्रभर झोपू दिलं नाही. पाचचा संकल्प उद्यापासून.

नाव ठरलं. 'रूट्स'. पुष्पलताचा भाऊ ताराचंद, शेजारचं वावर त्याचं, विचारत होता, जवाईबापू, 'पुष्पाताईची खानावळ' म्हटलं तं काय बिघडते? ज्याच्या मिशीला सकाळच्या चहाची साय दुपारपर्यंत चिकटलेली असते, त्याच्याशी ब्रँडिंगवर काय बोलायचं.

२२ जून
मेन्यू तयार. सात कोर्स. एका कोर्सला एक घास, फार तर दीड. झुणका आता 'बेसन क्रम्बल'. भाकरीला 'मिलेट राउंड', आकार बिस्किटाएवढा. सगळ्याचे मिळून साडेसातशे. पुष्पलता म्हणाली, मी गरिबाला परवडावं म्हणून सुरू केलं होतं. मी म्हणालो, परवडणारंच आहे, फक्त कोणाला परवडावं ते आपण ठरवायचं. ती चूल फुंकायला गेली. पटलं असावं.

रुखमाबाईला कन्सेप्ट समजावायला दीड तास गेला. शेवटी म्हणते, एवढ्याशा भाकरीनं कोनाचं पोट भरते जी साहेब? मग तिनं नेहमीसारखी परातभर भाकर थापली, स्टीलच्या ग्लासनं तिचे गोल कापले आणि उरलेली भाकर माझ्यासमोर बसून ठेच्याबरोबर खाल्ली. अशा लोकांमुळे देश मागे आहे.

२८ जून
बॉयलरवर काम करणारा एक दांडगा माणूस आला. रोजचा गिऱ्हाईक म्हणे. पहिला कोर्स तोंडात टाकला आणि तसाच बसून राहिला. विचारलं, काय झालं? तर म्हणतो, बाकीचं येऊन राहिलं ना? मी सांगितलं की ही टेस्टिंग पोर्शन आहे, जिभेवर घोळवायची असते. त्यानं मला आपादमस्तक पाहिलं. बाप्पा, नाइट करून आलो जी मी, म्हणाला आणि उठून गेला. जाताना कांदा मात्र घेऊन गेला. गाढवाला गुळाची चव काय!

३ जुलै
शिफ्टवाले यायचे बंद झाले. ड्रायव्हर हॉर्नसुद्धा न वाजवता पुढे जातात. नको ती गर्दी छाटली. पहिलं यश.

पाचचा संकल्प पावसाळ्यानंतर घेणार. पावसाळी हवेत लवकर उठणं माझ्या सायनसला चालत नाही, हे आधीच लक्षात घ्यायला हवं होतं.

९ जुलै
लोकल प्रोड्यूसबाबत मी कडक आहे. ताराचंद सकाळी टोपलंभर तरोटा, अंबाडी आणि वांगी घेऊन आला. तरोटा! आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर तो उगवतो आणि त्यात डुकरं लोळतात. परत पाठवला. मी स्वतः नागपूरच्या मार्केटमधून झुकिनी आणली. नागपूरहून आणली म्हणजे लोकलच झाली. रुखमाबाईनं ती हातात घेऊन दोनदा उलटसुलट केली आणि म्हणाली, दोडक्याच्या घरची दिसते, पन लाडात वाढलेली. मग दाण्याचा कूट भरून तिचं भरलं वांगं केलं. मी खाल्लं नाही. म्हणजे चार खाल्ल्या, पण तपासणीसाठी.

परत पाठवलेला तरोटा विहिरीकडे गेला. का, ते विचारलं नाही.

१९ जुलै
विहिरीपलीकडच्या कडुलिंबाखाली पुष्पलता बायकी काहीतरी टाइमपास चालवते. दुपारी तिथं तीस-चाळीस मोटरसायकली असतात. माणसं उकिडवी बसून काहीतरी खातात आणि मोठमोठ्यानं हसतात. त्यात तो बॉयलरवालाही दिसला. मी लक्ष घालत नाही. माझ्या अटीत फक्त शेड येते, झाड येत नाही. आणि असल्या लोकांना झाडच बरं.

शेडमध्ये आज कोणी नव्हतं. शांतता हा आपला यूएसपी होऊ शकतो. नोंद करून ठेवली.

३१ जुलै
या आठवड्यात एक कार थांबली. नवरा, बायको, दोन मुलं. मी धावत गेलो नाही, चालत गेलो. त्यांना पंक्चरचं दुकान हवं होतं. मी पत्ता सांगितला आणि मेन्यूही दिला. मेन्यू त्यांनी मुलाच्या उलटीखाली धरला.

मी खचलेलो नाही. मला माणसांची कीव येते.

४ ऑगस्ट
मुलगा रजत मिहानमधल्या आयटी कंपनीत आहे. तो फोनवर म्हणाला, बाबा, एखादा इव्हेंट करा. मुलगा माझ्यावर गेलाय. त्याची मॅनेजर रितिका आणि टीममधले बाराजण यायला तयार आहेत. पोळ्याच्याच दिवशी 'रूट्स बुल फेस्टिव्हल'. मावळतीला सात कोर्स, पाठीमागे सजलेले बैल. फोटो निघतील, लोक बघतील, अट माझ्या बाजूनं सुटेल. पुष्पलताला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

१२ ऑगस्ट
टॅगलाइन सापडली! लहानपणी आजोळी ऐकलेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." अहाहा! हेरिटेज, हॉस्पिटॅलिटी, सगळं एका ओळीत. बारा फुटांचा फ्लेक्स टाकला.

पुष्पलतानं विरोध केला. तिचं म्हणणं, हे बोलणं साधं नाही. ज्यानं आवतन दिलं, त्यानं दुसऱ्या दिवशी बैलाला जेवू घालायचं आणि बैलामागून येणाऱ्यालाही. त्याचे पैसे घेत नसतात. मी म्हणालो, अगं, बैलांना वाचता येत नाही. ती म्हणाली, बैलवाल्यायले येते. मूड गेला. माहेरचा विषय निघाला की हिची भाषासुद्धा बदलते.

२१ ऑगस्ट, संध्याकाळी ७.३०
आजचा दिवस माझा! गावातल्या मारुतीच्या पाराजवळ सगळे बैलांचे खांदे चोळत बसले होते. देवळाचा स्पीकर चालू होता. मी माइक हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या रूट्सवर जेवायला या!" खांदे चोळणारे हात थांबले. मग टाळ्या. एका म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी. म्हणाला, जवाई असावा तं असा. ताराचंद पुढे आला आणि त्यानं खालच्या आवाजात विचारलं, जवाईबापू, साऱ्या गावाले का? मी माइकवरूनच उत्तर दिलं, साऱ्या गावाला!

हिशोब असा की यातली पाच-सहा बरी घरं उद्या येतील आणि सात कोर्स घेतील. बाकीचे उभे राहून बघतील. रितिकाच्या फोटोंना मागे गर्दी लागेलच.

साइटवर आलो तर ताराचंद आधीच पोचलेला आणि पुष्पलता कपाळाला हात लावून बसलेली. मग उठली आणि ताराचंदला म्हणाली, घरात हाये तेवढी चण्याची डाळ पाठवून दे, अन् वंदनावहिनीलेही धाड. उगाच टेन्शन घेते. हिला मोठ्या गोष्टी झेपत नाहीत.

२२ ऑगस्ट, पोळा, सकाळी ११.१५
कडुलिंबाखाली पहाटेपासून तीन चुली पेटल्यात. आठ-नऊ बायका. कशासाठी चाललंय देव जाणे. पुरणाचा वास पार रोडपर्यंत येतोय. धूर माझ्या डायनिंग एरियात येऊ देऊ नका, म्हणून सांगून आलो. रुखमाबाई म्हणाली, धुराले सांगा जी.

दुपारी ४.५५
टेबलं लागली. तेरा प्लेट. प्रत्येकीवर मायक्रोग्रीन्स. मिहानची मंडळी आली. रितिकाचा पहिला प्रश्न, काका, पुरणपोळीचा वास कुठून येतोय? मी म्हणालो, ते स्टाफचं जेवण आहे. तिनं मान हलवली, पण मान त्याच दिशेला राहिली.

संध्याकाळी ५.५०
घाईत लिहितोय. गावात बैलांपुढे बांधलेलं पोळ्याचं तोरण तुटलं, ढोल वाजला. दरवर्षी तोरण तुटलं की बैल गावात घरोघर जातात. आज सगळे इकडे वळले. एकतीस जोड्या मोजल्या, मग धुरळ्यात दिसेना. मागे बाया, म्हातारे, कडेवर पोरं. आज गावात एकाही घरी चूल पेटलेली नाही म्हणे. जवायाचं आवतन मोडत नसतात.

ताराचंदला ओरडून सांगितलं, थांबव हे सगळं! तो म्हणाला, मी कसा थांबवू जी? बोलावलं कोनं?

संध्याकाळी ६.०५
पहिली जोडी शेडमध्ये शिरली. मायक्रोग्रीन्सना आजवरची पहिली दाद बैलानं दिली. टेबल नंबर चार आडवं आहे.

२३ ऑगस्ट, सकाळी ८.३०
कालचं लिहून टाकतो.

मी शेडच्या खांबाला पाठ लावून उभा होतो. मला वाटलं होतं, आता लोक मला बोलतील. कोणी बोललं नाही. सगळा लोंढा माझ्या अंगावरून कडुलिंबाकडे गेला. तिथं पुष्पलता उभी होती. तिनं आणि त्या बायकांनी एकतीस जोड्या आणि सगळं गाव पुरेल एवढं करून ठेवलं होतं. पुरणपोळ्या, कढी, वडे, कोहळ्याची भाजी. माझ्यासाठी केलं होतं. माझा शब्द खाली पडू नये म्हणून. हे मला तेव्हा तिथं उभं राहून कळलं आणि माझा फार संताप झाला.

मिहानवाले टेबलं सोडून कधी गेले, दिसलंच नाही. रितिका पंगतीत त्या बॉयलरवाल्याशेजारी मांडी घालून बसली होती आणि तो तिला कढीत पोळी कशी बुडवायची ते शिकवत होता. रजत वाढत होता. माझा मुलगा, इंजिनिअर, हातात कढीची बादली.

मी निघूनच जाणार होतो. तेवढ्यात ताराचंदनं माझ्या हातात कासरा दिला. जवाईबापू, येवढा धरा जरा, मी पानी पाजून येतो दुसऱ्याले. थोराड पांढरा बैल, शिंगांना बेगड, माझ्या शर्टाला नाक पुसत होता. सोडून द्यावा तर पायाखाली पोरं. रांगेत उभं राहण्याशिवाय उपाय नव्हता. रांग पुढे सरकत होती, बैल सरकत होता, त्याच्यामागे मी.

पोळ्याला घरची मालकीण बैलाचे पाय धुते, कुंकू लावते, पोळी भरवते आणि जो गडी बैल घेऊन आलेला असतो त्याच्या हातावर बोजारा म्हणून काहीतरी टेकवते. पुष्पलता तेच करत होती, वाकून, एकामागून एक. माझ्या बैलाचे पाय धुतले. कुंकू लावलं. पोळी भरवली. कमरेच्या पिशवीतून दहाची नोट काढली आणि वर न बघताच माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, जेवून जाजो गा.

मग वर पाहिलं. ओळखलं. माझ्या कपाळावरचा धुरळा पदरानं पुसला. नोट परत घेतली नाही. पुढचा बैल आला होता, ती तिकडे वळली.

मी कासरा ताराचंदला दिला, पंगतीच्या टोकाला जागा होती तिथं बसलो. कढी दोनदा मागून घेतली.