खुंटी पाण्यात गेली

२० मे, संध्याकाळ. माजलगाव.

आज खुंटी पाण्यात गेली. काल मीच ती धरणाच्या काठावर, अगदी पाण्याला लागून ठोकली होती. पाणी उतरायचं सोडून हातभर वर चढलंय. वरच्या धरणातून सोडलंय म्हणे.

आमचं जुनं गाव धरणात गेलं, देवीचं देऊळही. दर उन्हाळ्यात देऊळ उघडं पडतं. नवं जोडपं तिथं जाऊन देवीची ओटी भरतं आणि मगच संसाराला लागतं. तोवर नवरी सासूजवळ झोपते. माझ्या आणि सुनीताच्या लग्नाला सतरा दिवस झाले. रविवारी माझी सुट्टी संपते, मग परत पलटणीत.

आज आईला म्हणालो, "कळस दिसतोय की. काठावरूनच हात जोडू."

"देवीची वटी लांबून भरत्यात व्हय रं?"

चिडू तरी कुणावर, पाण्यावर?

आई नारळ परत पिशवीत ठेवत होती. तेवढ्यात सुनीता माझ्याशी पहिल्यांदाच आपणहून बोलली, अगदी हळू.

"पुढल्या उन्हाळ्यात सुट्टी मिळंल का?"

मी वाकून पाण्यात खुंटी चाचपत राहिलो.