प्रवेशद्वार ‘ब’ची लिफ्ट आणि सत्त्याहत्तर किलो

मी, नेवेना आस्पारुहोवा द्राल्चेवा, वय एकोणतीस, लिफ्ट-तंत्रज्ञ, राहणार बेलोकामेन, हे मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आपल्या कायद्याला तेवढे पुरते. माझी प्रकृती चांगली आहे. डॉक्टरांचा कालचा दाखला सोबत जोडला आहे. मला चक्कर येत नाही, उंचीची भीती नाही आणि मी निराश नाही. हे तिन्ही मुद्दाम लिहिले आहे.

१. राहता फ्लॅट आईला. तिने राहायला येण्याआधी कुलूप बदलून घ्यावे.

२. आजीचे गावचे घर आणि मागची आलुबुखाराची झाडे धाकट्या भावाला, कामेनला. अट नाही. मात्र फोनवर तो मला म्हणाला होता, “ताई, यंत्र बिघडलं होतं म्हण की. तुला काय लिफ्टची अब्रू राखायचीय?” त्यामुळे मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, शिजवलेला गहू त्याने वाटावा, भाषण करू नये.

३. हत्यारे, मीटर आणि सुरक्षापट्टा तंत्रशाळेला. पट्टा तपासून घ्यावा. मी पट्टा न बांधता आणि लिफ्ट बंद न करता शाफ्टमध्ये कधीही उतरलेली नाही. कोणी याउलट सांगितले, तर तो खोटे बोलत आहे.

४. माझा अहवाल. सात मार्चला बावीस वर्षांचा झाहारी आठमजली इमारतीच्या गच्चीवरून पडून मेला. पोलिसांचा जबाब असा, की तो जिन्याने एकटाच वर पळाला आणि त्याने उडी मारली. त्याच्यामागे आलेले तिघे पोलीस खालीच होते. त्या इमारतीच्या प्रवेशद्वार ‘ब’ची लिफ्ट माझ्या देखभालीत आहे. दोरांची झीज कळावी म्हणून प्रत्येक फेरीचे वजन मी नोंदवून ठेवते. त्या दिवशी ११:४२ ला लिफ्ट आठव्या मजल्यावर गेली, वजन ३१८ किलो. १२:०६ ला खाली आली, वजन २४१. मधे एकही फेरी नाही. फरक सत्त्याहत्तर. शवविच्छेदनात झाहारीचे वजन शहात्तर आहे. काट्याची चूक दोन किलोपर्यंत असू शकते, हेही मी अहवालात लिहिले आहे.

नोंदींच्या प्रती माझ्या विश्वासातल्या तीन माणसांकडे आहेत. ती माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांची नावे इथे लिहीत नाही.

५. त्या तिघा पोलिसांतले इन्स्पेक्टर द्राझेव सप्टेंबरात मी काम करत असलेल्या इमारतीत आले. सभ्यपणे बोलले. काटे चुकतातच, म्हणाले. त्यांच्या बायकोचा तर रोज चुकतो. मी हसले नाही. मग त्यांनी शाफ्टमध्ये वाकून पाहिले आणि विचारले, “इथे एकटीच उतरतेस का ग, पोरी?” तारीख आणि वेळ माझ्या कामाच्या वहीत आहे.

६. तीन नोव्हेंबरला सकाळी आमच्या इमारतीच्या दारावर कोणी गेले की लावतात तसे, माझ्या निधनाचे पत्रक चिकटवलेले होते: काळी चौकट, नाव, जन्मवर्ष, फोटो. मृत्यूची तारीख कोरी. आपल्याकडे फोटोशिवाय असे पत्रक कोणी लावत नाही, म्हणून त्यांनाही फोटो लावावा लागला. तिथेच ते चुकले. तो फोटो माझ्या नव्या ओळखपत्राचा आहे. ऑक्टोबरात पोलीस ठाण्याच्या खिडकीवर त्यांच्याच कॅमेऱ्याने काढलेला. ओळखपत्र मी अजून घेतलेले नाही. फोटोची प्रत माझ्याकडे नाही, आईकडे नाही. ती फक्त त्यांच्याकडे आहे. पत्रक डिंकासकट सोलून मी वकील विह्रा कोलार्स्का यांच्याकडे दिले आहे. मूळ पत्रक त्यांच्याच नावे करते.

७. झाहारीची आई स्तोयना मावशी यांना मी काहीही ठेवत नाही. त्यांना काही दिले, तर मी त्यांच्या बाजूची ठरेन आणि आकडेही त्यांच्या बाजूचे ठरतील. मावशींनी राग धरू नये. एकदा त्यांनी मला लाल मिरच्यांची बरणी आणून दिली होती. ती मी परत केली. त्याचे मला वाईट वाटते.

८. झाहारीच्या मृत्यूची सुनावणी सोमवारी, तेरा नोव्हेंबरला दहा वाजता आहे. मी गेले, तर अहवाल मी वाचेन. नाही गेले, तर सोबत काम करणारे मेतोदी ग्रोझेव तो वाचतील. ते तोतरे बोलतात. न्यायालयाने घाई करू नये.

साक्षीदार कायद्याने लागत नाहीत. तरी अक्षर माझेच आहे हे सांगायला कोणी असावे म्हणून:

१) मेतोदी ग्रोझेव, लिफ्ट-मेकॅनिक. (सही)

२) जागा रिकामी. शेजारच्या झ्लात्का बाईंनी सगळे वाचले, पेन हातात घेतले आणि खाली ठेवले. त्यांचे म्हणणे इथे त्यांच्याच संमतीने लिहिते: “सही नाही करत ग, नेवेना, माझ्या पोराची नोकरी आहे. पण सोमवारी जिना उतरताना मी तुझ्या पुढे असेन.”

नेवेना द्राल्चेवा
बेलोकामेन, गुरुवार, ९ नोव्हेंबर २०२३