सिडनीचे भुंगे, रीडिंगचं दुपटं

रीडिंग, ६ डिसेंबर

प्रिय मालू,

आधी चहा करून घे, मग वाच. मेसेज करता आला असता, पण मेसेजला तू नुसता अंगठा दाखवून मोकळी होतेस आणि हे तसं उरकण्यासारखं नाही. सरळच सांगते, मैत्रीण असलीस तरी मी तुझ्यावर जळते. ऑक्टोबरपासून रोज, दात घासताना, बसची वाट बघताना, भाजी निवडताना जळते. माझ्या लेकीचं, ईशिताचं दुसरं बाळंतपण तू करणार आहेस. आई मी आणि ख्रिसमसच्या आठवड्यात माझं नातवंड तिकडे सिडनीत तुझ्या हातात येणार. मी येणार नाही म्हणाले, हे खरं आहे. 'शिल्पा, क्रूझ पुढे ढकलता येत नाही का गं?' हा तुझा मेसेजही मी वाचला आणि उत्तर दिलं नाही. त्याच्याकडे येते. पण आधी मला मनसोक्त जळू दे.

रोज सकाळी नऊला, म्हणजे तुमच्या संध्याकाळी आठला, ईशिताच्या वीरचा फोन येतो. पाच वर्षांचं पोर ते, पण बातम्या देतं हवामान खात्यासारख्या. नोव्हेंबरात जॅकरांडाची जांभळी फुलं फूटपाथवर पडली आणि त्यावरून त्याचा बाबा अपूर्व घसरला. मग झाडांवर किडे किरकिरायला लागले. त्याने फोन खिडकीबाहेर धरला आणि माझ्या स्वयंपाकघरात तुमचा उन्हाळा ओरडायला लागला. गेल्या आठवड्यात दिव्यापाशी, ख्रिसमसच्या सुमारासच येणारा, पहिला सोनेरी भुंगा आला. आता तो रोज भुंगे मोजतो. परवा तीन होते. आणि तुझ्या कुंपणाजवळचं ते झुडूप! 'मालूआजी म्हणते, ती झाड लाल झाला की ख्रिसमस आणि बाळ, दोन्ही येणार.' पांढरी फुलं गळून जातात आणि मागे जे उरतं ते लाल होतं, हेही तूच शिकवलंस त्याला. त्याने मला समजावून सांगितलं, अगदी शिक्षकासारखं. मी 'हो का रे' म्हणत राहिले आणि पोळी करपली.

तू मालूआजी. मी रीडिंगआजी. म्हणजे मी स्टेशनचं नाव झाले बघ.

इथे चार वाजता अंधार पडतो. सकाळी गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडावं लागतं, कचऱ्याच्या डब्यावर तांबड्या छातीचा रॉबिन पक्षी येऊन बसतो आणि कालव्याकडच्या वाटेवर हॉलीच्या काटेरी झुडपाला लाल फळं धरतात. आमच्या ख्रिसमसच्या खुणा एवढ्याच, पण त्या मी वीरला दाखवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी ते इथून गेले, त्याच्या आधीच्या डिसेंबरात हरीश नातवाला खांद्यावर घ्यायचा आणि तो वरून फळं मोजायचा. तीनच्या पुढे आकडे येत नव्हते, म्हणून परत एकपासून. परवा मी विचारलं, हॉली आठवते का रे? म्हणाला, 'तो टोचणारा पान?' बस, एवढंच उरलंय माझं त्याच्याकडे. यंदा घर सजवायला हॉलीची फांदी आणायला हरीश कालव्याकडे गेला नाही. मी एकटीच गेले आणि रिकाम्या हातांनीच परत आले.

आणि तो कोकीळ! आपल्याकडे चैत्रात ओरडतो, तुमच्याकडे म्हणे ख्रिसमसच्या आधी. ईशिता वैतागते, पहाटे चारला सुरू होतो म्हणून. माझ्या मनात आलं, कोकिळा तर इकडे बसलीय, रीडिंगमध्ये. पोर जन्माला घातलं मी आणि ते तुझ्या घरट्यात. एवढं कडू मी कधी नव्हते गं. निदान मला तसं वाटायचं.

लाडवांचं तर तुला माहीतच आहे. डिंक तळला, खोबरं भाजलं, खारीक कुटता कुटता मिक्सर जळाला. शेजारची चैत्राली सिडनीला निघाली होती, तिच्याबरोबर डबा दिला. तिकडे घरचं खाणं, बिया, सुकामेवा काही आत सोडत नाहीत हे मला कोणीतरी सांगितलं होतं, पण मला वाटलं, डिंकाचे लाडू म्हणजे औषधच की, ते कोण अडवणार! विमानतळावर डब्यासकट टाकून द्यावे लागले. ते कळल्यावर तू काय केलंस? दुसऱ्याच दिवशी लाडू करून ईशिताला नेऊन दिलेस. माझ्याच कृतीने, जी मी तुला शिकवली होती. ती म्हणाली, 'आई, अगदी तुझ्यासारखे झालेत.' मी म्हटलं, छान. फोन ठेवला आणि तुझ्या नावाने बोटं मोडली.

आता जुनं सांगते, कारण त्याच्याशिवाय हे पत्र पुरं व्हायचं नाही. ईशिता झाली तेव्हा माझ्या आईला व्हिसा वेळेवर मिळाला नाही. तू तेव्हा इथून जवळच, स्लाऊला होतीस. रोज ट्रेनने यायचीस, शालीत गुंडाळलेल्या डब्यात गरम शिरा घेऊन. हॉस्पिटलमध्ये बाळाला गुंडाळायला माझ्याकडे सगळं नवं, दुकानातलं, कडक होतं. तू पिशवीतून तुझ्या जुन्या जांभळ्या सुती साडीचा तुकडा काढलास आणि म्हणालीस, पहिलं कापड जुनं आणि घरचं हवं. ईशिता रडायची थांबली. तुझ्याकडे बघत राहिली. आणि मी तिला दूध पाजायचं आहे म्हणून तुझ्याकडून काढून घेतलं. मालू, दूध तिने अर्ध्या तासापूर्वीच घेतलं होतं. तुला ते माहीत होतं. तुझी स्वतःची कूस तेव्हा दोनदा रिकामी झाली होती, तेही मला माहीत होतं. तरी मी काढून घेतलं आणि तू डबा धुवायला गेलीस. तेहतीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. म्हणजे माझं जळणं काही आजचं नाही.

आता क्रूझ. क्रूझ नाहीच आहे. सप्टेंबरात हरीशच्या पोटात गाठ निघाली. या एकोणीस तारखेला ऑपरेशन आहे आणि ईशिताची तारीख बावीस. तिला कळलं असतं तर सातव्या महिन्यात विमानात बसली असती, तुला तिचा स्वभाव माहीत आहे. म्हणून मी बोटीचं खोटं सांगितलं, कारण ती रागावलेली परवडली, घाबरलेली नाही. ती चिडली. दोन आठवडे माझ्याशी धड बोलली नाही. हरीश फोनवर येत नाही तो बारीक झालाय म्हणून, मी सांगते तसा झोपलाय म्हणून नाही. बाळ तिच्या कुशीत येईपर्यंत तू गप्प राहा. नंतर मीच सांगेन, शिव्याही मीच खाईन. या पत्राबरोबर एक दुपटं पाठवतेय, कापडाला कोणी अडवत नाही म्हणे. ईशिता झाली त्या वर्षी मी नेसायचे ती हिरवी सुती साडी आहे, चार घड्या करून हाताने शिवलीय. धुऊन आठवडाभर माझ्या उशाशी ठेवली होती, तू परत धुऊ नकोस. बाळंतपण तू कर, लाडू तू दे, मालूआजी तू हो, माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण ते मी गिळेन. फक्त एवढं कर. ईशिताला पहिल्यांदा तुझ्या साडीत गुंडाळलं होतं. या बाळाला माझ्या साडीत गुंडाळ. आधी माझी साडी, मग तुझे हात.

तुझीच, जळकी
शिल्पा