नव्या पंपाखालची जुनी वाटी

१९ मे, मंगळवार
आज ओव्हरब्रिजवर गाडीनं दम सोडला. मागच्या सीटवर गिऱ्हाइकायचे जेवणाचे डबे, वरून ऊन, मी पाय दाबून राहिली आन् ती चिखलातल्या म्हशीवानी. मागं हॉर्नच हॉर्न. एक पोट्टा ओरडला, "आंटी, धक्का दूँ क्या?" म्हटलं, तुह्या बापाले दे.
नवा रायपूरच्या ऑफिसात डबे उशिरा पोचले. त्यायची तोंडं वाकडी. पुढच्या महिन्यात दुसरी बाई लावतील.
सकाळी सुरू केली का टिकटिक टिकटिक. शिलाई मशीन चालल्यासारखी.

२१ मे, गुरुवार
पंडरीच्या साहू मिस्त्रीकडे नेली. "पेट्रोल खराब है दीदी." टाकी खाली केली, प्लग घासले. पुलावर चढली, पुन्हा तेच.
हे म्हणतात, व्याह्यायले विचार. विचारू कशी? गाडी वैशूच्या सासऱ्याची जुनी. त्याईनं नवी घेतली तवा म्हणाले, "विहीणबाई, घरची वस्तू घरातच राहू द्या." आम्ही नारळ फोडला, चाकाखाली लिंबू चिरडलं, बोनेट मात्र उघडलं नाही. बैल घ्यायचा तर दात पाहतो माणूस. पोरीच्या सासऱ्याच्या बैलाचे दात कोण पाहते.

२३ मे, शनि.
साहूनं ऑइलची काडी काढून माह्या नाकापुढं धरली. ऑइलाले पेट्रोलचा वास, म्हणजे पंपातून झिरपून राहिलं.
म्हटलं, पंप काढ.
"पंप तो नया है, चमक रहा है."
"नवा आहे तर दम काहून नाही? काढ."
"खोला तो ज़िम्मेदारी आपकी."
हव बाबा, माझी.
काढला. त्याच्या खाली कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातली फिरती दांडी. तिच्यावरचा उंचवटा फिरता फिरता पंपाले दाबते, तवा पेट्रोल जोरानं जाते. दोघायच्या मधात लोखंडाची लहानशी वाटी असते. वाटीच्या बुडाले भोक. माहं करंगळीचं टोक आरपार गेलं. टॉर्च मारून पाहिलं तर उंचवटाही खाल्लेला, ओरखडेच ओरखडे. मंग पंप पुरा दबणार कसा? पाटा झिजला आन् वरवंटा नवा आणला, मसाला वाटला जाईल का?
साहू डोकं खाजवत म्हणे, "जिसने पंप बदला, उसने ये कटोरी हाथ में ली ही होगी. ऊपर से मोटा ऑइल डाल दिया, आवाज़ दबाने को."
म्हणजे कोणाले तरी माहीत होतं. व्याह्यायले?
गाडी त्याच्याच दुकानापुढं उभी. डबे ऑटोनं. वाटी घरी आणली.

२४ मे, रविवार
वैशूले फोन केला. म्हटलं, गाडी देण्याआधी काही काम केलं होतं का तिचं? म्हणे, "मुझे नहीं पता, आई."
ही पोट्टी माह्याशी मराठीतच बोलते. लहानपणापासून खोटं बोलायचं असलं का हिंदीत जाते.
झोप नाही.

२८ मे, गुरु.
अधिक महिना. येत्या रविवारी जावयाले, हेमंतले, धोंडे खायले बोलावणं, सोबत व्याही. हे सतरांदा सांगून राहिले, "जेवताना गाडीचं नाव काढू नको. पोरीले तिथं नांदायचं आहे." मले माहीत नाही का? पण माह्या तोंडाले दार नाही.
पुरण वाटलं. हात दुखून राहिले.

३१ मे, रविवार
तेलीबांध्याहून तिघं आले. जावयाले ओवाळलं, अनारशाचं वाण दिलं. पानं वाढली. मी चूपच होती. खरंच होती.
व्याहीच म्हणाले, "गाडी त्रास तर नाही देऊन राहिली ना, विहीणबाई?"
निघालंच तोंडातून. "काहून देईल? पंप नवा आहे ना."
"पंप? फक्त पंप?" त्याईनं भोळ्या तोंडानं पाहिलं. "मी तर हेमंतले पुरं इंजिन पाहायले सांगितलं होतं. जे जे झिजलं ते सारं बदल म्हटलं, विहीणबाईचा रोजचा रस्ता आहे."
जावयाचा हात धोंड्यावर थांबला. मंग म्हणे, "मम्मी, पुरण बहुत बढ़िया बना है."
हे पाणी प्यायले. मी तूप वाढलं.
वैशू माह्यामागं स्वयंपाकघरात आली. मसाल्याच्या डब्याजवळ ती वाटी होती. पाहिली तिनं. "आई, माह्या सासऱ्यायले सांगू नको. त्याईनं ह्यांच्या हाती सारे पैसे दिले होते, आन् ह्यांनी निस्ता पंप बदलून..." मराठीत बोलली पण.
"तुले माहीत होतं आन् तू मले त्या पुलावर चढू दिलं?"
रडली नाही. पदरानं वाटी पुसली, होती तिथंच ठेवून दिली.
निघताना व्याही म्हणाले, "कुठं आहे गाडी? पंडरीत? अहो, त्या मिस्त्रीनंच बिघडवली असेल. मी येतो मंगळवारी, चांगलं झाडतो त्याले."

१ जून, सोमवार
व्याही येणार म्हणून साहूले सांगायले गेली. काही न सांगता आली. तो दुसऱ्या गाडीखाली झोपून होता. तिथूनच ओरडला, "दीदी, कटोरी सँभाल के रखना! कोई पूछेगा तो वही दिखाऊँगा."
साहूवर आळ येऊ देऊ? का पोरीचं घर...
हे म्हणतात, वाटी तलावात टाकून दे, सारं मिटते. बुढा तलावापर्यंत गेलीही. मुठीत गरम झाली होती.
परत आणली. मसाल्याच्या डब्यात जिऱ्याच्या खणात ठेवली आहे. वैशूचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. काय भाषेत बोलेल ते ऐकायचं नाही मले आज.
उद्या व्याही येतील. पहिले चहा मांगतील.