दाजींचं कोडं आणि माझे सहा खोडरबर

तीर्थरूप दाजी,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण सध्या तुम्ही त्या लायकीचे राहिला नाहीत. ताईचा गुडघा कसा आहे? तुमचं ब्लडप्रेशर वाढलं असेल तर मला आनंदच आहे. माझं तुमच्यापायी वाढलंय, मी एकटीनेच का सोसायचं?

तुमचं ते रविवारच्या पुरवणीतलं कोडं! जुन्या अभिजात कादंबऱ्यांत लपलेली गाण्यांची नावं शोधा म्हणे. ‘नगरात राणीसाहेब शिरल्या’ या वाक्याच्या पोटात ‘रातराणी’ हे गाणं सापडलं, की लोक घबाड हाती लागल्यासारखे नाचतात. बरं, कोडी घालायचीच तर स्वतःच्या घरातल्या पुस्तकांवर घालावीत. तुम्ही नेमकी ती पाचशे पानी कादंबरी निवडलीत, जिची अख्ख्या गावात एकच प्रत आहे, आणि तीही माझ्या वाचनालयात. पहिल्या आठवड्यात तिच्यासाठी रांग लागली तेव्हा मी खुळी हरखले (आपली माणसं वाचायला लागली!). वाचतंय कोण, कपाळ! दातांच्या डॉक्टरांनी नायिका मरते त्या पानावर, किडके दात टिपून ठेवावेत तशा फुल्या मारल्या. बिचारी गेली हो, म्हटलं, तर मलाच विचारतात, “कोण गेलं? मला तिथे अंगाई सापडली.” शिवणवाल्या काकूंनी तर कापड आखायच्या खडूने प्रकरणच्या प्रकरण आखलं.

माझं डोकं फिरलं. सहा खोडरबर आणले, वाचनालय दोन दिवस बंद ठेवलं (‘झुरळांचे औषध मारले आहे’ अशी पाटी लावून), आणि पान एक ते पाचशे बारा, दिसेल ती रेघ, दिसेल ते टिंब घासून काढलं. समासात कुणीतरी निर्लज्जपणे ओळीच्या ओळी खरडल्या होत्या, त्या तर दातओठ खाऊन खोडल्या. मनगट सुजलं. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. ही प्रत त्यांच्या वडिलांची, ज्यांनी हे वाचनालय काढलं. आणि समासातलं ते लिखाणही वडिलांचंच. अध्यक्ष जन्मले त्या दिवशी वडील दवाखान्यात हेच पुस्तक घेऊन बसले होते, आणि समासातच त्यांनी मुलासाठी काहीतरी लिहिलं, असं आई सांगायची. वडील लवकर गेले. सत्तर वर्षांत अध्यक्षांना ते वाचायचा धीर झाला नाही. आता पुढच्या शनिवारी, वाचनालयाच्या पंचाहत्तरीला, सगळ्यांसमोर वाचणार आहेत. “प्रत नीट आहे ना?” म्हणाले. मी म्हटलं, “अगदी स्वच्छ आहे.”

नोकरी जाईल ती जाईल, पण त्या माणसाला तोंड कसं दाखवू? याचं सगळं पाप तुमच्या माथी.

रागाने थरथरणारी, पण दुर्दैवाने तुमचीच,
धाकटी मेहुणी

ता. क. ताई फोनवर म्हणाली की पुस्तक तीन महिने तुमच्याकडे होतं तेव्हा (परत करायच्या तारखेचा विषय आज काढत नाही) तुम्हाला कादंबरीपेक्षा समासच आवडला, आणि त्यातलं थोडंफार तुम्ही वहीत उतरवून घेतलंत. ती वही मिळेल त्या गाडीने पाठवा. नाहीतर घेऊन स्वतःच या. वर लिहिलेलं सगळं मी मागे घेते.

आणखी एक, कुणाला सांगू नका. लोक वाचत नाहीत म्हणून मी एवढा गळा काढला, पण दाजी, एकोणीस वर्षं ते पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात आहे आणि मी ते एकदाही उघडलं नव्हतं. आधी कधी निवांत उघडलं असतं तर जुन्या नोंदवह्यांमधलं संस्थापकांचं ते अक्षर ओळखलं असतं.

शेवटचं. आज ते पान सापडलं. खिडकीशी तिरपं धरलं की पेन्सिलीचे वळ दिसतात. ‘आज मुलगा झाला. त्याला सांगायचं आहे की’, एवढं लागतं. पुढच्या दोन ओळी मी फारच मन लावून खोडल्यात.